दुसरं पाखरू

द्रौपदाबाईने पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडून आत हात घातला, तर हाताला तळ लागला. काल कौतिक आबांचं वर्षश्राद्ध झालं होतं. मांडव पडला, गावजेवण झालं, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीवर लोकांनी आडवा हात मारला, आणि आज सकाळी कोठीत मक्याचा एक दाणा नव्हता. तिने कोठी आडवी करून झटकली. मूठभर भुसा निघाला, तो वाऱ्याने उडून तिच्याच डोळ्यात गेला.

वर चबुतऱ्यावर पाखरं बसली होती. कबुतरं, होले, साळुंक्या, आणि राघू तर मोजता येणार नाहीत इतके. सगळी माना वाकड्या करून खाली तिच्याकडे बघत होती.

हेमराज पाटलाने बापाच्या आठवणीत हा चबुतरा बांधला होता. केळीच्या गाड्यांमागे सुरतेकडे जाता-येता त्याने असले चबुतरे पाहिले होते, आणि आपल्या आबांचं स्मारक व्हायचं तर असंच, हे त्याने मनात घेतलं होतं. जमिनीपासून अठरा फूट उंच, खाली जाड खांब, वर पाखरांसाठी खणाखणांची चार मजली माडी, तिच्यावर कौलारू टोपी. टोपीवर सिमेंटची दोन पांढरी पाखरं, पंख पसरून उडायच्या बेतात. खांबाला काळा दगड बसवलेला, त्यावर आबांचा फोटो कोरलेला आणि खाली 'कै. कौतिक पाटील यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ'. गावात सगळे त्याला पाखरांचा बंगला म्हणत. ज्यांचं घरकुल मंजूर होत नव्हतं, ते जरा जोरातच म्हणत.

पाखरं अर्धा तास बसून राहिली. मग एक राघू उठला. बंगल्याभोवती एक चक्कर मारून तो बांधापलीकडच्या दादरमध्ये उतरला. त्याच्यामागे दुसरा उतरला, आणि मग सगळा थवाच उतरला.

ती दोन एकर दादर द्रौपदाबाईची होती. विहीर नाही, पाट नाही, काळ्या जमिनीच्या ओलीवर थंडीत पिकणारी ज्वारी. घरात तीन बायका, ती, सासू भागाबाई आणि मुलगी प्राची. तिघींची वर्षाची भाकर त्या दोन एकरांत उभी होती. कणसं चिकात भरत होती, वीस-बावीस दिवसांत काढणीला येणार होती. चिकातला दाणा राघूला किती आवडतो, ते ज्याने दादर राखली त्यालाच ठाऊक.

"हाऽऽ!" द्रौपदाबाई ओरडली आणि हातातल्या झाकणावर खराट्याच्या दांड्याने दणादणा मारू लागली.

दादरमधली पाखरं उडाली. उडाली ती थेट तिच्याकडे आली. कबुतरं पायाशी उतरली, साळुंक्या कोठीच्या काठावर बसल्या, राघू डोक्यावर कलकलाट करू लागले. द्रौपदाबाईचा हात वरच्या वर राहिला. अकरा महिने ती रोज सकाळी हेच झाकण असंच वाजवून त्यांना दाण्याला बोलवत होती.

आता हे तिच्या गळ्यात कसं पडलं, ते सांगायला हवं.

गेल्या जानेवारीत हेमराजच्या केळीच्या बागेत मोटारीची वायर तुटून ओल्या सरीत पडली होती. आबा बाग बघायला गेले आणि तिला चिकटले. तोंडातून एकच हाक निघाली, "भिका!" भिका म्हणजे द्रौपदाबाईचा नवरा. बावीस वर्षं त्या बागेत कामाला. पाणी भरत होता, चिखलात अनवाणी होता. हाक ऐकली आणि धावत जाऊन त्याने आबांचा हात धरला. लाकडाने ढकलायचं होतं, आधी स्टार्टर पाडायचा होता, हे नंतर सगळ्या गावाने सांगितलं. सांगणारे सगळे कोरड्या जागेवर उभे होते. दोघांना एकाच पिकअपमध्ये, शेजारी शेजारी निजवून सावद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने दोघांकडे एकेकदा बघितलं आणि मान हलवली.

सव्वा महिन्यात पाखरांचा बंगला उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी हेमराजने द्रौपदाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं. प्राचीने दगडावरचं वाचून दाखवलं, तेव्हा द्रौपदाबाई म्हणाली, "भाऊ, याच्यात प्राचीच्या बापाचं नाव नही."

"अवं द्रौपदाबाई, दगड केवढा, त्याच्यावर किती लिहिनार?" हेमराज म्हणाला. मग त्याने तिच्या खांद्यावरून वर बोट दाखवलं. "वर पाह्य ना. दोन पाखरं काहून केले मी? एक आबा, अन् दुसरा आपला भिका. संग गेले, संगच उडू राह्यले."

द्रौपदाबाईने वर पाहिलं आणि तिला रडू फुटलं. झाली ती चूक तिथेच. हेमराज गोड बोलला यात त्याचा काय दोष, त्याचं तोंडच तसं. पण हिने ते खरं धरलं.

भागाबाईने घरी त्याच दिवशी सुनावलं होतं. तिला डोळ्यांनी कमी दिसत असे, पण बाकी सगळं लख्ख. "आपल्यात मानूस मेला का पाखरू व्हते, कोनं सांगतलं वं तुले? दर पुनवेले विहारात जाते, तठी काय झोपा काढते?"

"मले समजते, आत्याबाई."

"समजते त मंग?"

घरात भिंतीवर एक फोटो होता, तोही आधार कार्डावरून मोठा केलेला, डोळे वटारलेला. त्यापलीकडे भिकाचं असं या जगात कुठे काही नव्हतं. आणि इथे कुणीतरी त्याला अठरा फूट वर बसवलं होतं, पांढराशुभ्र, गावाच्या शिवेवरून दिसेल असा.

चबुतरा हेमराजच्या शेताच्या कोपऱ्यात, द्रौपदाबाईच्या बांधाला लागून. म्हणून झाडलोट आणि दाणा टाकायचं काम हेमराजने तिलाच सांगितलं. मजुरी देतो म्हणाला. तिने घेतली नाही. 'माह्या मानसाचं काम हाये', म्हणाली. वर्षभर रोज पहाटे उठून ती आधी बंगल्यावर जायची. बाजूच्या लोखंडी पायऱ्यांनी चढून खण झाडायची, विष्ठा खरवडायची, कुंड्यांत पाणी भरायची, चवड्यांवर उभं राहून वरची दोन पाखरं ओल्या फडक्याने पुसायची. दुसरं जरा जास्त वेळ पुसायची. मग खाली येऊन मका पसरायची. सुरुवातीला पाखरं येईनात. हेमराजला व्हिडिओत पाखरं हवी होती. म्हणून तिने झाकण वाजवायचा नाद लावला. पंधरा दिवसांत चौफेरच्या शिवारातली पाखरं त्या आवाजाला येऊ लागली. फैजपूरहून पोरंपोरी फोटो काढायला येऊ लागली. हेमराजची छाती फुगली. आणि खरं सांगायचं तर हिचीही.

त्या सकाळी रिकामं झाकण तसंच हातात घेऊन ती हेमराजच्या घरी गेली. वाड्यासमोर केळीचा ट्रक भरणं चाललं होतं. पाच-सहा माणसं डोक्यावर चुंबळी ठेवून घड वाहत होती. ओट्यावर हेमराज खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. द्रौपदाबाई खाली उभी राहिली.

"भाऊ, कोठीत दाना नही."

"आता कशाचा दाना?" हेमराजने मान वर केली नाही. "काल वर्ष झालं ना."

"पाखरायले काय मालूम वर्ष झालं म्हनून? सगळे माह्या दादरमधी उतरले."

"हाकल मंग."

"तेच त सांगू राह्यली. हाकलले त जवळ येतात. वर्षभर बोलावलं ना मी त्यायले." ती झाकण पदराखाली धरून बोलत होती. "वीस दिवस, भाऊ. माही दादर निघेपर्यंत. रोज एक पायली टाका, मंग हळूहळू कमी करू. एकदम तोडलं त ते जातीन कुठी?"

आता हेमराजने मोबाईल खाली ठेवला. तो माणूस वाईट नव्हता. भिकाच्या मयताला खांदा द्यायला पुढे होता. पण वाईट नसलेल्या माणसाकडे समजावून सांगायला खूप असतं, आणि ते ऐकून घ्यायला लागतं.

"हे पाह्य, आमच्यात वर्षभराचा नेम असते. गुरुजींनं सांगतलं, वर्षभर पाखरायले घाला, आबा मार्गी लागतीन. लागले. आता बिनाकारन टाकत बसलं त जीव घोटाळते म्हने अठीच. तुमच्यात हे नही, तुले समजनार नही."

"आबा मार्गी लागले," द्रौपदाबाई म्हणाली, "अन् आम्ही?"

घड वाहणाऱ्यांपैकी एकजण फिस्सकन हसला. आतून कुंदाबाई, आबांची बायको, पितळी पेल्यात चहा घेऊन आली. तिने द्रौपदाबाईकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं आणि पेला ओट्याच्या कडेला ठेवून आत गेली. द्रौपदाबाईने चहा घेतला नाही. घरी येताना ती मनात एकच घोकत होती. वर्षभर फुकट राबले, विष्ठा खरवडली, आणि मागितलं काय? पायलीभर मका, तोही आपल्याला नाही, पाखरांना!

पुढचे सहा दिवस मायलेकींनी दादर राखली. प्राचीने कॉलेज बुडवलं. शेताच्या मधोमध चार बल्ल्यांचा माळा उभा केला. जुन्या कॅसेटमधली फीत बांधांवरून ताणली, ती वाऱ्यावर भणभणायची. राघू पहिला दिवस बिचकले, दुसऱ्या दिवशी तिच्यावरच झोके घेऊ लागले. बुजगावणं केलं, त्याला भिकाचा सदरा घातला. त्याच्या खांद्यावर होले बसले. डबा तर वाजवायचीच चोरी. शेजारच्या शेतात कुणी डबा वाजवला, तरी सगळा थवा उठून द्रौपदाबाईच्या पायाशी यायचा आणि दाणा मिळाला नाही की तिथूनच कणसांवर जायचा. साऱ्या शिवाराची पाखरं डबा वाजवून पळवता येत होती, फक्त हिच्याच शेतातली नाही.

राहिली गोफण. पहाटेपासून दुपारपर्यंत माळ्यावर उभं राहून ती गोफण फिरवायची. उजवा खांदा सुजला, मग प्राचीने तिला तेल चोळून डाव्या हाताने फिरवायला लावलं. घसा बसला. उन्हाने ओठ फुटले. संध्याकाळी ती शेतात फिरून कणसं दाबून पाहायची. वरून डौलदार दिसणारं कणीस हातात घेतलं की हलकं लागायचं, एका बाजूने चक्क साफ. आठ पोती होणार होती. तिसऱ्या दिवशी तिने मनात सहा धरली, सहाव्या दिवशी चार. पुढे तिने मोजणंच सोडलं.

"माय, हिरवीच काढू," प्राची म्हणाली. "जे हाये ते घरी येईन तरी."

"चिकातली काढून काय करते? सुकली त नुसता कोंडा उरते. चार दिवस थांब."

सातव्या दिवशी गोफणीचा दगड चुकला. सवय नसलेल्या डाव्या हातातून दोरी आधीच सुटली आणि दगड बांध ओलांडून चबुतऱ्याच्या टोपीवर बसला. एक कौल निखळून खाली आलं. नेमका तेव्हा हेमराज पाव्हण्यांना घेऊन तिथे आला होता. पांढरे कपडे घातलेले दोघे-तिघे, गळ्यात चष्मे लटकवलेले, वर बघून वा वा करत होते. कौल त्यांच्या पायापाशी फुटलं.

"ए!" हेमराज बांधावर धावत आला. "डोकं ठिकानावर हाये का तुहं? आबाच्या स्मारकावर दगड मारते?"

"मुद्दाम नही मारला, भाऊ. पाखरायले मारला, हात सुटला."

"पाखरायले तरी काहून मारते? त्यायच्यासाठीच बांधलं ना हे!" मागे पाव्हणे ऐकत होते, म्हणून त्याने आवाज उतरवला आणि हसून म्हणाला, "अवं, वर दुसरा तुहा भिकाच हाये ना? आपल्याच मानसाले दगड मारू राह्यली तू?"

पाव्हणे हसले. चांगल्या घरचे होते, तोंडावर हात ठेवून हसले.

द्रौपदाबाई माळ्यावर उभी होती ती तशीच उभी राहिली. गोफण हातातून लोंबत होती. प्राचीला वाटलं, आता माय दुसरा दगड घालते. पण तिने गोफण गुंडाळली, माळ्यावरून खाली उतरली आणि बांधाने चालू लागली. पाव्हण्यांना वाटलं, बाई शरमली. त्यांनी जाता जाता दोन फोटो आणखी काढले.

उन्हं डोक्यावर असताना द्रौपदाबाई परत आली तेव्हा तिच्याकडे छिन्नी, हातोडा आणि बैलगाडीच्या जाड दोराचं सोल होतं. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला होता. ती लोखंडी पायऱ्या चढली. या पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या, सुजलेल्या खांद्यालाच नव्हत्या. चौथ्या मजल्यावर तिने एक हात कौलांत रोवला. दुसऱ्या पाखराच्या पायाशी सिमेंटचा गोळा होता आणि त्यातून सळई वर गेली होती. तिने गोळ्यावर छिन्नी धरली.

"माय!" खालून प्राची ओरडली. "काय करू राह्यली?"

"बापाले खाली उतरवू राह्यली तुह्या. सोल धर."

अर्धा तास ठोकठोक चालली. कबुतरं उडून परत परत जागेवर येत होती. तिचं तिथे असणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गोळा फुटला, सळई मोकळी झाली. पाखरू दिसत होतं त्यापेक्षा जड निघालं. तिने त्याला पोटातून सोलाचा वेढा दिला आणि हळूहळू सोडलं. पंखाचं एक टोक खांबावर आपटून तुटलं. प्राचीने ते खाली दोन्ही हातांनी झेललं आणि मटकन बसली, एवढा भार. आबांच्या पाखराला द्रौपदाबाईने हात लावला नाही. छिन्नीने उडालेला चुरा त्याच्यावर पडला होता, तेवढा तोंडाने फुंकला.

घरी आणून तिने ते कोपऱ्यात कणगीपाशी ठेवलं. भागाबाईने हाताने चाचपून पाहिलं, चोच, पाठ, तुटका पंख.

"हे काय आनलं वं?"

"दगड," द्रौपदाबाई म्हणाली. "नुसता दगड हाये, आत्याबाई. तुमचं खरं व्हतं."

"मंग आनला कशाले?"

"हेमराजभाऊनं त्याले भिका म्हनून लोकायले हसवलं. म्हनून."

म्हातारीने तुटक्या पंखावरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाली, "चांगलं केलं."

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी दादर कापायला घेतली. थांबण्यात आता अर्थ नव्हता. विळ्याने ताट कापायचं, पेंढी बांधायची, कणीस खुडायचं. हिरव्या ताटांचा रस हातांना चिकटत होता आणि धार असलेली पानं पोटऱ्यांना कापत होती. पाखरं दोघींच्या पुढे पुढे सरकत खातच होती. दुपारपर्यंत अर्ध्या एकराचं एक पोतंही भरेना. द्रौपदाबाई कमरेत वाकून कापत होती, सरळ होत नव्हती. सरळ झाली की वर एकच पाखरू दिसायचं आणि बरं वाटायचं, म्हणून मधूनमधून होतही होती.

तिसऱ्या प्रहरी हेमराज बांधावर येऊन उभा राहिला. आज एकटाच होता.

"द्रौपदाबाई, पाखरू कुठी हाये?"

"घरी."

"चोरी व्हते ही. समजते ना?"

"तुम्हीच सांगतलं ना, तो भिका हाये. माह्या मानसाले मी घरी नेलं." ती कापतच होती.

"पोलिसात जाऊ का मी?"

"जा ना. सांगा, बाईनं पाखरू चोरलं. ते विचारतीन, कोनाचं पाखरू? मंग सांगजा तठी नाव. तेवढं तरी लिहिल्या जाईन कुठी."

प्राची कापायची थांबली. हेमराजने रुमालाने मान पुसली. मग तो बांधावर उकिडवा बसला आणि एकदम मऊ झाला. "हे पाह्य, झालं गेलं. मी हसलो, चुकलं माहं. पन एकटंच पाखरू वर बेकार दिसते. कोनंतरी मोडून नेलं असं दिसते. आयतवारी सोयरे येऊ राह्यले, त्यायनं मुद्दाम हे पाह्यचं म्हनून सांगतलंय. माय बी रडू राह्यली घरी, आबा एकटे पडले म्हनते. दे वापस. तुले काय पाह्यजे ते सांग. मका टाकू? आजपासून टाकतो."

द्रौपदाबाई सरळ झाली. मागे कापलेल्या ताटांचे खुंट, पुढे अर्धी खाल्लेली दादर. आता तो मका टाकणार होता.

"नाव टाका," ती म्हणाली. "आबाच्या नावाखाली. 'भिका', एवढंच. लिहून झालं का पाखरू घेऊन जा, मी सोता वर चढून बसवून देते."

हेमराजने मागे वळून दगडाकडे पाहिलं. आबांच्या नावाखाली वीतभर दगड कोरा होता. इथूनही दिसत होता.

"आता लिहिलेल्या दगडावर कसं..." तो म्हणाला.

"जागा हाये."

"जागा हाये. पन आबाच्या नावाखाली... सोयरे काय म्हनतीन... एकाच दगडावर..."

त्याने पुढचं बोलणं गिळलं. द्रौपदाबाईला ते ऐकायची गरज नव्हती. तिने विळा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"राहू दे मंग, हेमराज. मरताना तुह्या बापानं माह्या मानसाले हाक मारली, तो गेला. आता वर एकटा राहू दे आबाले."

ती वाकली आणि तिने पुढचं ताट कापलं.